सुईत दोरा ओवता येत होता म्हणून

ज्याला सुईत दोरा ओवता येतो त्याचे डोळे शाबूत, असं आमच्या घरातलं शास्त्र होतं. वय झालेलं माणूस सुई लांब धरतं, दोऱ्याचं टोक ओलं करतं, दोन-तीनदा चुकतं आणि शेवटी "ए पोरी, इकडं ये गं" म्हणून हाक मारतं. ती पोरगी म्हणजे मी. आजीची सुई, आईची सुई, शेजारच्या काकूंची गोधडीची सुई, सगळ्या माझ्याकडे यायच्या. मी सुई नाकाजवळ धरायचे आणि पहिल्या झटक्यात ओवून द्यायचे. "काय नजर आहे पोरीची!" असं सगळे म्हणायचे आणि मी फुगायचे.

आज मी छत्तीस वर्षांची आहे. आठ महिन्यांपूर्वी माझ्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला. ऑपरेशन झालं, डोळा वाचला, पण पुरता नाही. त्यानंतर ओळखीच्या बायकांचे फोन यायला लागले. तब्येतीची चौकशी दोन मिनिटं आणि मग हळूच, "आमच्या पोराला पण नंबर निघालाय गं, एवढ्यात चष्मा लावावा का?" एकेकीला सांगून माझा घसा बसला, म्हणून आता एकदाच लिहून टाकते आहे. दुसरं कारणही आहे. मला राग आलेला आहे आणि तो घरात बोलून संपत नाही.

बारीक नजर

मखमलाबादच्या पुढे आमची दीड एकर जमीन आहे. तिच्यात गुलाब. पहाटे फुलं तोडायची, जुड्या बांधायच्या आणि उजाडायच्या आत बाजारात पोचवायच्या, हे आमच्या घरी रोजचं. गुलाबावर लाल कोळी नावाची कीड पडते. पानाच्या मागच्या बाजूला, सुईच्या टोकाएवढी. औषधवाला यायचा तो खिशातून भिंग काढायचा. मला भिंग लागायचं नाही. पान डोळ्यापाशी धरलं की मला ते कोळी चालताना दिसायचे. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, औषधवाल्याला अभिमानाने सांगायचे, "तुमचं भिंग ठेवा खिशात. आमची वैशाली हाय ना." शाळेतून आले की ते माझा हात धरून वाफ्यात न्यायचे. मी पानं उलटी करून सांगायचे, ते मागून फवारायचे. माझ्या लहानपणातली सगळ्यात सुखाची आठवण विचाराल तर हीच आहे.

लांबचं मला काही दिसत नव्हतं. पण ते दिसत नाही हे मला कळायला नको का? जन्मापासून डोंगर धुरकट, विजेच्या तारा गायब आणि रस्त्यावरून येणारं माणूस म्हणजे रंगीत ठिपका. मला वाटायचं सगळ्यांना असंच दिसतं. शाळेत फळा म्हणजे काळ्यावर पांढरं फरफटलेलं काहीतरी. बाकीच्या मुली ते वहीत कसं उतरवून घेतात याचं मला कोडं पडायचं. हुशार असतील, म्हणजे त्यांना ते समजत असेल, असा मी अर्थ लावला. मी ढ. बाई म्हणायच्या, "लक्ष कुठं असतं तुझं?" माझं लक्ष तिथेच असायचं. नातेवाईक म्हणायचे, पोरगी शिष्ट आहे, रस्त्यात ओळख देत नाही. खो-खोमध्ये मला कुणी घ्यायचं नाही.

पाचवीत शाळेत डोळे तपासायला माणसं आली. भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला. मला वरचं एक मोठं अक्षर दिसलं, खाली मुंग्या. त्यांनी एक चिठ्ठी लिहून दिली, घरी दाखवायला. मी ती अण्णांना दिली. दोन दिवसांनी ते म्हणाले, "डॉक्टरला दाखवली. काय नाय, अशक्तपणा हाय. गाजरं खायची." त्या हिवाळ्यात अण्णा रोज बाजारातून येताना गाजरं आणायचे आणि ओट्यावर बसून स्वतः सोलून मला द्यायचे. पुढच्या हिवाळ्यातही. सकाळी दवाच्या गवतावर अनवाणी चालायचं, तेही आम्ही दोघं मिळून करायचो. एवढं प्रेम करणारा बाप वर्गात कुणाला नाही, असं मला वाटायचं.

चष्मा लागला तो अकरावीत. शहरातल्या कॉलेजात गेले, तिथे एका मैत्रिणीचा चष्मा गमतीने घातला आणि फळ्यावरची अक्षरं पहिल्यांदा सुटी सुटी दिसली. घरी येऊन हट्ट धरला. नंबर निघाला साडेपाच. दुकानात अण्णा म्हणाले, "एक-दीड नंबर कमीच द्या, नाहीतर डोळे आळशी होतात." दुकानदाराने दिला. तो कमी नंबर मी दोन वर्षं वापरला, डोळे बारीक करकरून.

धूळ नव्हती

मी अंबडला एका कंपनीत आहे. छोट्या स्प्रिंगा बनतात, त्या तपासायच्या. ओरखडा, चीर, वाकडेपणा. माझा हात कुणी धरू शकत नव्हतं तिथेही, म्हणजे तीच बारीक नजर. चष्मा काढून माल डोळ्यापाशी धरला की मला जे दिसायचं ते मशीनलाही नाही, असं सुपरवायझर म्हणायचे. नंबर तोवर साडेदहाला गेला होता.

त्या सोमवारी डाव्या बाजूला काळे ठिपके उडायला लागले. चिलटं असतील म्हणून मी हात हलवला. मग कोपऱ्यात वीज चमकल्यासारखं झालं. धूळ असेल म्हणून चष्मा पुसला. पुन्हा पुसला. महिनाअखेर होती, माल जायचा होता, म्हणून मंगळवारही काढला. बुधवारी सकाळी डाव्या डोळ्यात खालून काळं पाणी चढल्यासारखं दिसायला लागलं आणि दुपारपर्यंत ते नाकापर्यंत आलं. दुखत काही नव्हतं. दुखलं असतं तर मी सोमवारीच गेले असते. हे वाचताय त्यांनी एवढं तरी लक्षात ठेवा, की डोळ्याचा पडदा सुटताना दुखत नाही.

माझे मिस्टर, मंगेश, कंपनीच्या दारातूनच मला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरबाई माझ्यापेक्षा लहान होत्या. बराच वेळ लाइट मारून बघितलं. मग खुर्ची जवळ ओढून बसल्या. डॉक्टर खुर्ची ओढून बसले की समजावं. "पडदा सुटलाय. उद्याच ऑपरेशन करू. दोन दिवस आधी आला असतात तर बरं झालं असतं."

"हे कशाने झालं?"

त्यांनी सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहिते. लांबचं दिसत नाही अशा माणसाचा डोळा लांबट वाढलेला असतो. मुलं वाढतात तसा डोळाही वाढतो आणि कुणी लक्ष दिलं नाही तर जास्तच वाढत जातो. भाकरी हातावर मोठी मोठी करत नेली की कडेला पातळ होते, तसा मागचा पडदा पातळ होतो. पातळ जागी चीर पडली की सुटतो.

मग त्यांनी विचारलं, "पहिला चष्मा कधी लागला?"

"अकरावीत."

"त्याआधी कुणी तपासलं नाही?"

"पाचवीत तपासले होते. अशक्तपणा होता म्हणे."

त्यांनी ते लिहून घेतलं. "घरात आणखी कुणाला चष्मा? वडिलांना?"

"नाही. अण्णा सहासष्ट वर्षांचे आहेत, अजून चष्मा न लावता पेपर वाचतात."

बाई हसल्या. "मग त्यांनाही एकदा घेऊन या. या वयात चष्म्याशिवाय पेपर वाचणाऱ्याला बऱ्याचदा लांबचं दिसत नसतं." आणि जाता जाता, "मूल आहे का तुम्हाला?"

मुलगी आहे, सई, तिसरीत. "तिला तर आणाच. तुम्हाला आहे म्हणजे तिच्याकडे लक्ष हवंच." मी हो म्हटलं. मला त्या दिवशी फक्त माझा डोळा दिसत होता, किंवा दिसत नव्हता म्हणा.

मी त्यांना एक प्रश्न विचारला होता, ज्याचं उत्तर मला अजून पाठ आहे. लहानपणी चष्मा मिळाला असता तर हे टळलं असतं का? त्या म्हणाल्या, "तसं मी सांगू शकत नाही. तेव्हा आजच्यासारखे उपाय नव्हते. पण दरवर्षी तपासणी झाली असती. पातळ जागा आधी दिसल्या असत्या, लेझरने बंद करता आल्या असत्या. आणि तुम्हाला फळा दिसला असता." शेवटचं वाक्य त्या अगदी सहज बोलल्या, आणि मी तिथे रडले.

पालथं

ऑपरेशनचं मी फार लिहीत नाही. डोळा बधिर करतात, माणूस जागं असतं, बाहेर कुणीतरी बोलत असतं, आपण देव आठवत असतो. खरी परीक्षा नंतर. डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडतात आणि त्याने पडद्याला दाबून धरावं म्हणून सात दिवस तोंड खाली ठेवायचं. झोपताना, जेवताना, चालताना, सगळं खाली बघून. विमानात बसायचं नाही, असंही बजावलं. त्याचं आमच्या घरात कुणाला दुःख झालं नाही.

दवाखान्यात शेजारच्या खाटेवर कळवणकडच्या एक आजी होत्या, मोतीबिंदूवाल्या. मला खाली मान घालून चहा पिता येईना, नाकात जायला लागला. आजींनी आपल्या नारळपाण्याची नळी धुऊन माझ्या हातात दिली. "ही घे बाई. अन् रडू नको लय, डोळ्याला बरं नाय." दुसऱ्या दिवशी त्यांना घरी सोडलं. जाताना त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांचा चेहरा मी पाहिलेलाच नाही. टाचांना भेगा होत्या आणि उजव्या पायात चांदीचं जोडवं सैल झालं होतं, एवढ्यावरून मी त्यांना कुठेही ओळखेन.

घरी आल्यावर हेच. सात दिवस मी माणसं पायांवरून ओळखली. आई आली होती स्वयंपाकाला. मंगेशना रात्रपाळी टळली नाही. ते सकाळी येऊन भांडी घासायचे आणि आई "ठेवा हो, मी करते" म्हणत त्यांना मोडता घालायची आणि दोघंही एकमेकांवर चिडायचे. मला पडल्या पडल्या ऐकू यायचं. आजारी माणसाभोवती सगळे हळू बोलतात, पण भांडी जोरात आपटतात. मानेला रग लागायची. उजवा डोळाही असाच जाणार, मग सईचे केस कोण विंचरणार, असे विचार यायचे आणि डोळ्याला पाणी चालत नाही म्हणून रडू आवरायचे.

सईला शाळेत सोडणं-आणणं अण्णांकडे होतं. ते रोज मखमलाबादहून मोटारसायकलवर सिडकोत आमच्याकडे यायचे, तिला शाळेत सोडायचे, दुपारी आणायचे. मला किती आधार वाटत होता म्हणून सांगू!

सहाव्या दिवशी सई माझ्या गादीजवळ येऊन जमिनीवर आडवी झाली, म्हणजे मला तिचं तोंड दिसावं. ही तिची युक्ती होती. म्हणाली, "आई, मी पहिल्या झटक्यात सुई ओवली."

"कुणाची गं?"

"कुणाची नाही. आजोबांनी ओवायला लावली. शाळेत डोळे तपासले ना, चिठ्ठी दिली होती. आजोबा म्हणाले ओवून दाखव. मी ओवली तर म्हणाले, काही झालं नाही तुझ्या डोळ्याला."

मी विचारलं, "चिठ्ठी कुठाय?"

"आजोबांच्या खिशात."

"कधीची?"

"शनिवारची. त्यांनी सही पण केली."

तो बुधवार होता. मी सईला बाहेर खेळायला पाठवलं आणि अण्णांना हाक मारली.

दोन पाय

अण्णा आले. मला त्यांचे पाय दिसत होते. नखात माती, अंगठ्यावर काट्याचे जुने वण. हे पाय माझ्या पुढे वाफ्यात चालायचे.

"सईची चिठ्ठी द्या."

पाय जागचे हलले नाहीत. "तुझं एवढं मोठं ऑपरेशन. कशाला डोक्याला ताप, म्हणून नाय सांगितलं. अन् पोरीला चांगलं दिसतंय. सुई ओवती."

"अण्णा, सुई जवळची असते."

एक पाय मागे सरकला.

"पाचवीतली माझी चिठ्ठी तुम्ही कोणत्या डॉक्टरला दाखवली होती?"

मग म्हणाले, "कुणाला नाय."

"गाजरं?"

"ती मीच."

मी पालथी होते म्हणून बरं. मान वर करायची नाही ही आज्ञा होती, नाहीतर मी काय केलं असतं मला माहीत नाही. मी एवढंच विचारलं, की का. ते उभ्या उभ्या बोलायला लागले. "पोरीच्या जातीला दहाव्या वर्षी चष्मा लागला म्हणल्यावर गावभर झालं असतं. पुढं स्थळं आली असती का? अन् लोक काय म्हणले असते, कुणाकडनं आलं?"

"कुणाकडनं आलं?"

"माझ्याकडनं." पाय आता एकमेकांवर चढले, शाळेतल्या पोराचे असतात तसे. "मला तरी कुठं लांबचं दिसतंय? बारका होतो तवापासनं नाय दिसत. काय अडलं माझं? शेती केली, लग्न झालं, गाडी चालवतो. तुला पण मनात म्हणलं, निभंल."

डॉक्टरबाईंनी सुचवलं होतं, मी हसण्यावारी नेलं होतं. अख्ख्या घरात एकच माणूस असा होता ज्याला जग माझ्यासारखं दिसत होतं. डोंगर धुरकट, माणसं ठिपके, फळा पुसट. मी रडत घरी यायचे की मी ढ आहे, बाई सगळ्यांसमोर बोलल्या, तेव्हा मला जवळ घेणारा हा माणूस होता. त्याला माहीत होतं मी ढ नाही. एका वाक्याने माझी सुटका झाली असती, की पोरी, मलाही दिसत नाही. ते वाक्य त्यांनी गाजरासारखं सोलून टाकून दिलं. अडाणी बाप असता, त्याला कळलंच नसतं, तर मी आज हे लिहिलं नसतं. त्यांना कळत होतं.

"तुम्ही माझ्या पोरीला मागे बसवून मोटारसायकल चालवता, अण्णा," मी म्हटलं.

"रस्ता पाठ हाय मला."

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात आईचे पाय दिसले. ती किती वेळ उभी होती कोण जाणे. "म्हणजे," आई म्हणाली, आणि थांबली. "म्हणजे बाजारात मी लांबून हात करायचे, तेव्हा हे..." मग एकदम म्हणाली, "चाळीस वर्षं मला वाटतंय ह्यांना माझी लाज वाटते. मी काळी म्हणून चारचौघांत ओळख देत नाहीत. मी बाजारात हात करायचं सोडून दिलं."

अण्णा म्हणाले, "लग्नात सांगितलं नव्हतं. मग ऱ्हायलंच."

चिठ्ठी त्यांनी माझ्या उशीशी ठेवली आणि गेले. आईने आधी मोटारसायकलची चावी काढून घेतली. त्या दिवशी ते सिडकोहून बसने घरी गेले. बसची पाटी त्यांना कुणी वाचून दाखवली असेल कोण जाणे. मला त्याची काळजी वाटली, आणि काळजी वाटली याचा आणखी राग आला.

सईची वही

आता माझ्याबद्दल, कारण नुसतं बापाच्या नावाने बोटं मोडून भागणार नाही. साडेदहा नंबरचा चष्मा नाकावर घेऊन मी आठ वर्षं माझ्या मुलीचे डोळे एकदाही तपासले नव्हते. सई टीव्हीला नाक लावून बसायची आणि मी ओरडायचे, "मागे सरक, डोळे जातील!" ती दिसत नाही म्हणून पुढे जात होती, मी समजत होते पुढे जाते म्हणून डोळे जातील. शाळेतून तक्रार आली होती, की सई शेजारणीच्या वहीतून कॉपी करते. मी तिला दोन धपाटेही घातले होते.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तिला विचारलं, "वर्गात फळ्यावरचं दिसतं का गं?"

सई म्हणाली, "फळ्यावरचं नाही दिसत, पण ते सानिकाच्या वहीत असतं ना."

मंगेशनी माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

डोळ्यात औषध घालून, बाहुल्या मोठ्या करून तपासलं. दोन्हीकडे पावणेदोन. बाई म्हणाल्या, वेळेवर आलात. मी म्हटलं, चिठ्ठी चार दिवस खिशात होती. त्या म्हणाल्या, चार दिवसांनी काही बिघडत नाही, सहा वर्षांनी बिघडतं.

तिला पूर्ण नंबरचा चष्मा दिला. कमी देऊ का, असं यावेळी दुकानात कुणी विचारलं नाही. झोपताना डोळ्यात एक थेंब, नंबर वाढायचा वेग कमी करणारा. तो डॉक्टरांनीच द्यायचा असतो, कुणाच्या पोराचा आणून आपल्या पोराला घालायचा नसतो. मला हे सांगावं लागतंय कारण एका बाईने फोनवर नाव विचारलं होतं. रोज दोन तास घराबाहेर, उघड्यावर, दिवसाउजेडी. दर सहा महिन्यांनी तपासणी. पुस्तक कोपरापासून बोटापर्यंत हात ठेवून तेवढं लांब. मोबाइल शक्यतो नाहीच. नंबर जाईल का? नाही. गाजराने जात नाही, दवाने जात नाही, दिव्याकडे टक लावून तर मुळीच नाही. मोठी झाल्यावर माझ्याएवढा व्हायला नको, एवढ्यासाठी हे सगळं चाललं आहे. तिचं वय लहान आहे तोवरच ते हातात आहे, असं बाईंनी मला दोनदा सांगितलं.

आणि आयांनो, घरात आपण मुलांच्या डोळ्यांची जी परीक्षा घेतो ती सगळी जवळची असते. सुई ओव, तांदळातला खडा काढ, पेपरातलं बारीक वाच. लांबचं न दिसणारं पोर त्यात पहिलं येतं. मी आयुष्यभर पहिली आले. तुम्ही त्याला रस्त्याच्या पलीकडच्या दुकानाची पाटी वाचायला लावा. एक डोळा झाकून, मग दुसरा. आणि वाचली तरी वर्षातून एकदा डॉक्टरकडे न्या, कारण पोरं पाट्या पाठ करतात.

आता

माझ्या डाव्या डोळ्याला सरळ रेघ वाकडी दिसते. दाराची चौकट मधे पोट काढते. कंपनीने तपासणीवरून काढून मला स्टोअरला बसवलं आहे. माणसं चांगली आहेत, कुणी काही बोलत नाही, पण नवीन मुलगी माझ्या जागेवर बसते आणि स्प्रिंग हातात घेते तेव्हा मला तिकडे बघवत नाही. उजव्या डोळ्यातही दोन पातळ जागा निघाल्या. त्या लेझरने बंद केल्या. ठिपका दिसला की अजून मी आधी एकेक डोळा झाकून बघते.

अण्णांशी मी दोन महिने बोलले नाही. ते फोन करायचे, मी सईकडे द्यायचे. आई म्हणायची, "किती ताणशील? बाप आहे तो." मी म्हटलं, "तू बोलतेस का?" ती म्हणाली, "कामापुरतं." तिनेच एक दिवस त्यांना रिक्षात घालून डॉक्टरबाईंकडे नेलं. नंबर निघाला तीन. तीन नंबरवर या माणसाने साठ वर्षं काढली आणि दोन बायकांना रडवलं.

गेल्या रविवारी संध्याकाळी मी गॅलरीत कपडे काढत होते. खाली सई सायकल चालवत होती, तिचे दोन तास. फाटकाशी रिक्षा थांबली आणि अण्णा उतरले. तपकिरी फ्रेमचा चष्मा, कानामागे नीट न बसलेला. या घरात आम्ही नऊ वर्षं राहतो. ते येतात तेव्हा मी गॅलरीतून हात करायचे आणि ते खाली बघत जिन्याकडे जायचे. मला वाटायचं त्यांची सवय आहे. या वेळी मी हात केला नाही. ते फाटकात उभे राहिले, मान वर केली आणि सरळ माझ्याकडे बघत राहिले. बराच वेळ. सईने मागून "आजोबा" म्हटलं तरी वळले नाहीत.

वर आले, चपला काढल्या, दारातच उभे राहिले. मी पाणी दिलं. अर्धा तांब्या प्यायले आणि म्हणाले, "अजून राग हाय तुझा."

"कशावरून?"

"फाटकातनंच दिसला."

"हो, आहे," मी म्हटलं. "नीट बघून घ्या."